रिकाम्या टेबलाचा खर्च कुणाच्या नावावर? शंभर खाटांच्या रुग्णालयातलं जॉब कॉस्टिंग

शंभर खाटांचं एक रुग्णालय. नव्वद खाटा वॉर्डात, दहा आयसीयूत, तीन ऑपरेशन टेबलं, स्वतःची प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभाग. व्यवस्थापनापुढे एक प्रस्ताव आला: मेडिसिनच्या वीस खाटा कमी करायच्या आणि ती जागा एक-दोन दिवसांत घरी जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी वापरायची. प्रस्तावाला आधार होता लेखा विभागाने काढलेल्या रुग्णनिहाय खर्चाचा. त्या कागदावर न्यूमोनियाचा रुग्ण तोट्यात दिसत होता आणि दुर्बिणीने पित्ताशय काढलेला रुग्ण फायद्यात.

रुग्णालय काल्पनिक आहे. आकडे गणित स्वच्छ दिसावं म्हणून बांधले आहेत आणि ते कोणत्याही चलनात वाचता येतील. पेच मात्र खरा आहे. औषधं, इम्प्लांट, डॉक्टरांचं मानधन यांची नोंद रुग्णाच्या नावावर थेट पडते, पण बाकीचा मोठा खर्च कुणाच्याच नावावर येत नाही. तो वाटावा लागतो, आणि कसा वाटला यावर वॉर्ड चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरू लागतं. ओपीडीचा हिशोब इथे वेगळा ठेवला आहे. पुढचे सगळे आकडे दाखल रुग्णांचे आहेत.

जॉब म्हणजे काय?

जॉब कॉस्टिंग मुळात छापखाने, जहाजबांधणी, फर्निचरचे कारखाने अशा ठिकाणचं. तिथे प्रत्येक काम वेगळं असतं, म्हणून प्रत्येक कामाचं स्वतंत्र कॉस्ट शीट उघडतात आणि त्यावर माल, मजुरी आणि ओव्हरहेडचा, म्हणजे कोणत्याही एका कामाच्या नावावर थेट न पडणाऱ्या खर्चाचा, वाटा चढवतात. रुग्णालयाला ही पद्धत चपखल बसते, कारण एकाच आजाराचे दोन रुग्णसुद्धा सारख्या खर्चाचे नसतात. इथे जॉब म्हणजे एक दाखला: रुग्ण भरती झाल्यापासून डिस्चार्ज मिळेपर्यंत. वॉर्डातून आयसीयूत हलवलं तरी शीट तेच राहतं. घरी जाऊन महिन्याने परत आला, तर नवं शीट. वर्षाच्या शेवटच्या रात्री जे रुग्ण खाटेवर असतील, त्यांची शीट उघडी असतात. कारखान्याच्या भाषेत ते अपूर्ण काम.

थेट खर्चाची रेघ कुठे ओढायची हा पहिला निर्णय, आणि त्यात बराच विवेक लागतो. गुडघ्याचा सांधा रुग्णाच्या नावावर जातो, यात वाद नाही. हातमोजे आणि कापूस मोजता येतील, पण ते मोजण्यात जो वेळ जाईल तो त्यांच्या किमतीपेक्षा महाग पडेल, म्हणून ते ओव्हरहेडमध्ये. ऑक्सिजन मध्यवर्ती नळातून येतो आणि प्रत्येक खाटेला मीटर नसतो, म्हणून तोही ओव्हरहेडमध्ये. सगळ्यांत मोठी बाब नर्सिंगची. परिचारिकेचा पगार वॉर्डाच्या दृष्टीने थेट आहे, पण रुग्णाच्या दृष्टीने अप्रत्यक्ष, कारण एका पाळीत ती अनेक रुग्ण सांभाळते आणि कुणापाशी किती वेळ गेला याची नोंद कुठेच होत नाही. रुग्णालयाचा ओव्हरहेड कारखान्यापेक्षा फुगलेला दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे.

जुना कागद

वर्षाचा अंदाजित ओव्हरहेड सहा कोटी तीस लाख. वर्षभरातले भरलेले खाट-दिवस २५,२००, त्यांतले २२,५०० वॉर्डातले आणि २,७०० आयसीयूतले. लेखा विभागाने सरळ भागाकार केला: खाट-दिवसाला २,५०० हा पूर्वनिर्धारित दर. रुग्ण जितके दिवस राहील तितक्या पटीने ओव्हरहेड त्याच्या शीटवर चढतो.

दर आधी ठरवण्यामागे कारण आहे. खरा ओव्हरहेड वर्ष संपल्यावरच कळतो आणि रुग्ण तर आज घरी चालला आहे. शिवाय काही महिने वॉर्ड गच्च असतात, काही महिने ओस. दर महिन्याला खऱ्या खर्चाने भागलं, तर ओस महिन्यातला रुग्ण निष्कारण महागडा दिसेल. तेव्हा पूर्वनिर्धारित दराला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो एकच दर सगळ्यांना लावण्याला.

न्यूमोनियाचा रुग्ण आठ दिवस वॉर्डात राहिला. थेट खर्च ९,०००, ओव्हरहेड २०,०००, एकूण २९,०००. त्याचं पॅकेज, म्हणजे उपचाराची आधी ठरलेली एकरकमी किंमत, २६,०००. म्हणजे ३,००० तोटा. पित्ताशयाचा रुग्ण दोन दिवस राहिला. मानधन आणि साहित्य मिळून थेट खर्च १६,०००, ओव्हरहेड ५,०००, एकूण २१,०००. पॅकेज २५,०००. म्हणजे ४,००० फायदा. प्रस्ताव इथूनच निघाला.

आता हे पाहा. पित्ताशयाच्या रुग्णासाठी ऑपरेशन थिएटर दोन तास अडलं. भुलीचं यंत्र, शुद्ध हवेची यंत्रणा, थिएटरमधल्या परिचारिका आणि तंत्रज्ञ, निर्जंतुक केलेले साहित्याचे ट्रे, दुर्बिणीच्या संचाचा घसारा, हे सगळं त्याच्यासाठी खर्ची पडलं. न्यूमोनियाच्या रुग्णाने थिएटरचं दारही पाहिलं नाही. तरीही थिएटरच्या खर्चात चौपट वाटा त्याचाच, कारण तो चौपट दिवस राहिला.

याहून ठळक उदाहरण मोतीबिंदूच्या रुग्णाचं. खाट-दिवस बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीच्या गणतीने मोजतात: रात्री बाराला खाटेवर जो असेल तो एक दिवस. मोतीबिंदूचा रुग्ण सकाळी येतो, पाऊण तास थिएटरमध्ये असतो, संध्याकाळी घरी जातो. मध्यरात्री त्याची खाट रिकामी, म्हणून त्याच्या शीटवर ओव्हरहेड शून्य. थिएटर वापरणारा रुग्ण फुकट गेला आणि त्याचा भार वॉर्डात खोकत पडलेल्याच्या नावावर चढला.

खर्च आधी विभागांत, मग रुग्णावर

दुरुस्ती दोन पायऱ्यांची आहे. आधी सहाय्यक विभागांचा खर्च रुग्णांना थेट सेवा देणाऱ्या विभागांवर उतरवायचा. मग त्या प्रत्येक विभागाचा दर त्याच्या स्वतःच्या मापाने काढायचा.

सहाय्यक विभाग चार: प्रशासन व नोंदी ६,०००, देखभाल व वीज ४,८००, लॉन्ड्री १,८००, निर्जंतुकीकरण विभाग २,४०० (सगळे हजारांत). प्रशासन कर्मचारीसंख्येवर वाटलं, देखभाल क्षेत्रफळावर, लॉन्ड्री कपड्यांच्या वजनावर, निर्जंतुकीकरण ट्रेंच्या संख्येवर. उतरत्या पायरीने जायचं: प्रशासन सगळ्यांना सेवा देतं, म्हणून ते पहिलं, त्यातला वाटा लॉन्ड्री आणि निर्जंतुकीकरणालाही मिळतो, मग देखभाल, मग लॉन्ड्री, शेवटी निर्जंतुकीकरण. एकदा रिकामा झालेला विभाग पुन्हा उघडायचा नाही. हजारांतले आकडे असे उतरले:

| विभाग | मूळ खर्च | प्रशासन | देखभाल | लॉन्ड्री | निर्जंतुकीकरण | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| वॉर्ड | १७,३८० | २,७०० | ३,००० | १,३८० | २९० | २४,७५० |
| आयसीयू | १२,४१५ | १,२०० | ६०० | ३४५ | २९० | १४,८५० |
| ऑपरेशन थिएटर | १२,१०५ | ८०० | ७०० | ५७५ | २,३२० | १६,५०० |
| प्रयोगशाळा व क्ष-किरण | ६,१०० | ४०० | ४०० | – | – | ६,९०० |

शेवटच्या रकान्याची बेरीज ६३,०००, म्हणजे तेच सहा कोटी तीस लाख. प्रशासन आणि देखभालीचा जो थोडा भाग आधी सहाय्यक विभागांवर गेला, तो पुढच्या रकान्यांतून खाली आला आहे.

बैठकांमध्ये पायरीच्या क्रमावरून तासन्‌तास वाद होतात. एका विभागाचा दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर वाटा असेल, तर समीकरणं मांडून परस्पर वाटप करता येतं आणि संगणकाला ते जड नाही. उलट टोकाला, सहाय्यक विभागांचे आपसांतले वाटे सोडून सगळं थेट चार विभागांवर वाटता येतं. याच आकड्यांवर ती सोपी रीत लावली, तर थिएटरचा एकूण खर्च १६,५०० ऐवजी सुमारे १६,१३० येतो. तासाला फरक सव्वादोन टक्के. माझं स्पष्ट मत: या वादात वेळ घालवू नये. रुग्णाचा खर्च जिथे दुप्पट किंवा निम्मा होतो, ती जागा पुढची आहे.

ती जागा म्हणजे माप. वॉर्डासाठी वॉर्डाचे खाट-दिवस, आयसीयूसाठी आयसीयूचे, थिएटरसाठी तास, प्रयोगशाळेसाठी भारित एकक. साध्या रक्तगणनेला एक एकक धरायचं, सीटी स्कॅनला कितीतरी जास्त. नुसत्या तपासण्या मोजल्या तर दोन्ही सारख्याच होतील. यंदाच्या वापरावर दर असे आले: वॉर्ड २२,५०० दिवसांना दिवशी १,१००, आयसीयू २,७०० दिवसांना दिवशी ५,५००, थिएटर ३,३०० तासांना तासाला ५,०००, प्रयोगशाळा ६९,००० एककांना एककी १००.

थिएटरच्या तासाबद्दल जरा थांबायला हवं, कारण चुका इथे होतात. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरात एका शस्त्रक्रियेच्या चार वेळा सापडतात: रुग्ण आत घेतला, भूल सुरू केली, छेद दिला, रुग्ण बाहेर काढला. सर्जनला विचारलं तर तो छेदापासून टाक्यांपर्यंतचा वेळ सांगतो. हिशोबाला लागतो आत घेतल्यापासून बाहेर काढेपर्यंतचा, कारण तेवढा काळ टेबल अडलेलं असतं. वयस्क, हृदयाचा त्रास असलेल्या रुग्णाला भूल द्यायला वेळ लागतो. छेदापासून मोजलं तर तो वेळ हवेत विरतो आणि त्याचा खर्च तरुण रुग्णांवर जातो. दोन शस्त्रक्रियांच्या मधली सफाई कुठे धरायची हेही एकदाच ठरवावं. इथे ती रुग्णाच्या तासांत धरलेली नाही. उपलब्ध तास मोजताना वजा केली आहे.

तीन शीट पुन्हा मांडली

न्यूमोनियाच्या रुग्णाचे आठ वॉर्ड-दिवस ८,८०० आणि पंचवीस एकक तपासण्या २,५००. ओव्हरहेड ११,३००, एकूण खर्च २०,३००. तोट्याचा रुग्ण ५,७०० फायद्यात आला. पित्ताशयाच्या रुग्णाचे दोन दिवस २,२००, थिएटरचे दोन तास १०,०००, बारा एकक १,२००. ओव्हरहेड १३,४००, एकूण २९,४००. फायद्याचा रुग्ण ४,४०० तोट्यात गेला.

तिसरा रुग्ण अपघाताचा: चार दिवस आयसीयू, सहा दिवस वॉर्ड, चार तास थिएटर, ऐंशी एकक तपासण्या, इम्प्लांटसह थेट खर्च ६२,०००. त्याचं पॅकेज नाही, बाबवार बिल होतं. जुन्या रीतीने त्याच्यावर ओव्हरहेड २५,००० पडत होता, नव्या दरांनी ५६,६००. जुन्या कागदावर आयसीयूचा दिवस आणि वॉर्डचा दिवस एकाच भावाचा होता. आयसीयूत एक परिचारिका एका-दोघांपाशी उभी असते, हे तिथे काम केलेल्या कुणालाही माहीत आहे, पण त्या कागदात ते कुठेच नव्हतं.

काही रुग्णालयं खाट-दिवसाऐवजी बिलाच्या प्रमाणात खर्च वाटतात. ज्या सेवेचं बिल जास्त, तिच्यावर खर्च जास्त. सोय मोठी आहे, कारण बिलाचा आकडा तयार असतो. पण त्यात हिशोब गोल फिरतो: भाव बरोबर आहे का हे पाहायला खर्च हवा, आणि खर्च तर भावावरून काढलेला. सगळ्याच सेवा सारख्याच नफ्याच्या दिसणार. अमेरिकेत मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना १९६६ मध्ये सुरू झाली तेव्हा रुग्णालयाला झालेल्या खर्चाची भरपाई मिळे. विभागवार वाटप केलेला खर्च अहवालात दाखवला की काम भागत होतं. १९८३ पासून निदानगटानुसार ठराविक रक्कम मिळू लागली आणि मग एकेका रुग्णाला खरोखर किती लागले हा जिव्हाळ्याचा प्रश्न झाला. पॅकेजवर चालणारं प्रत्येक रुग्णालय आज त्याच जागी उभं आहे.

तरीही उत्तर अपुरं

नवा कागद पाहून व्यवस्थापनातल्या एकाने लगेच उलटा प्रस्ताव मांडला: मग पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया कमी करू. हे जुन्या चुकीइतकंच घातक ठरलं असतं.

थिएटरचा दर तासाला ५,००० आला तो ३,३०० तासांनी भागल्यामुळे. पण तीन टेबलं सफाई, देखभाल, सुट्ट्या, तातडीच्या रुग्णांसाठी राखलेली जागा हे सगळं वजा करून वर्षाला ५,५०० तास चालू शकतात. म्हणजे थिएटर साठ टक्केच वापरात आहे. उरलेल्या चाळीस टक्के वेळेतही यंत्रांचा घसारा चालू आहे, माणसांचा पगार चालू आहे, आणि तो सगळा जे थोडे रुग्ण आले त्यांच्या शीटवर चढवला गेला. पुढच्या वर्षी रुग्ण कमी झाले की दर आणखी चढेल, पॅकेज महागेल, रुग्ण अजून कमी होतील. हिशोबाच्या रीतीने रुग्णालय आपलंच थिएटर बंद पाडू शकतं.

म्हणून दर काढताना भागाकार व्यवहार्य क्षमतेने, म्हणजे विभाग प्रत्यक्षात जितका चालू शकतो त्या आकड्याने, करावा, या मताचा मी पक्का आहे. कॅप्लन आणि अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या वेळाधारित कॉस्टिंगचा हाच पाया आहे. मालसाठ्याच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकातही, आयएएस २ मध्ये, स्थिर उत्पादन ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर वाटावा आणि कमी उत्पादन झालं म्हणून प्रत्येक नगावरचा वाटा वाढवू नये असा दंडक आहे. रुग्णालयाला तो तर्क आणखी लागू पडतो, कारण इथे रिकामी क्षमता काही प्रमाणात मुद्दाम राखलेली असते. आयसीयूची शेवटची खाट रिकामी ठेवणं हा सज्जतेचा खर्च आहे. तो दाखल असलेल्या नऊ जणांनी का उचलायचा?

वॉर्डाची व्यवहार्य क्षमता २७,५०० दिवस, आयसीयूची ३,०००, थिएटरची ५,५०० तास, प्रयोगशाळेची ८६,२५० एकक. दर झाले अनुक्रमे ९००, ४,९५०, ३,००० आणि ८०. तिन्ही रीती शेजारी ठेवल्या की चित्र असं दिसतं:

| एकूण खर्च | न्यूमोनिया | पित्ताशय | अपघात |
|---|---|---|---|
| सरसकट खाट-दिवस दर | २९,००० | २१,००० | ८७,००० |
| विभागवार दर, यंदाच्या वापरावर | २०,३०० | २९,४०० | १,१८,६०० |
| विभागवार दर, व्यवहार्य क्षमतेवर | १८,२०० | २४,७६० | १,०५,६०० |
| पॅकेज | २६,००० | २५,००० | – |

पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता जेमतेम २४० फायद्यात. शस्त्रक्रियेत खोट नाही. थिएटर रिकामं आहे. आणि ते आता लपून राहत नाही. या दरांनी रुग्णांवर एकूण ४ कोटी ९० लाख ३५ हजार चढतात. उरलेले १ कोटी ३९ लाख ६५ हजार ही न वापरलेल्या क्षमतेची किंमत: थिएटर ६६ लाख, वॉर्ड ४५ लाख, आयसीयू १४ लाख ८५ हजार, प्रयोगशाळा १३ लाख ८० हजार. ही रक्कम नफातोटा पत्रकात स्वतंत्र ओळीत, विभागप्रमुखाच्या नावासमोर दाखवायची.

मग वीस खाटांचं काय?

२२,५०० वॉर्ड-दिवस म्हणजे रोज सरासरी बासष्ट खाटा भरलेल्या आणि अठ्ठावीस रिकाम्या. व्यवहार्य क्षमतेपर्यंत अजून ५,००० दिवस शिल्लक आहेत. थिएटरमध्ये शिल्लक आहेत २,२०० तास. दोन तासांची शस्त्रक्रिया धरली तर त्यांत फार तर १,१०० रुग्ण बसतील आणि प्रत्येकी दोन दिवसांप्रमाणे त्यांना २,२०० खाट-दिवस लागतील. ते आजच्या रिकाम्या खाटांमध्ये सहज मावतात. मेडिसिनच्या खाटा काढायची आणि नूतनीकरणावर पैसा घालायची गरजच नाही.

वाढीव रुग्णाच्या निर्णयात तर ओव्हरहेडचा दर जवळजवळ बाजूला ठेवावा लागतो. टेबल आणि माणसं आहेतच. पित्ताशयाचा आणखी एक रुग्ण आला तर पॅकेजचे २५,००० येतात आणि थेट खर्चाचे १६,००० जातात. ९,००० हातात राहतात, शीटवर तोटा दिसो की फायदा. १,१०० रुग्ण मिळालेच तर ९९ लाख. ही कागदावरची कमाल मर्यादा आहे. रुग्ण मिळतील का, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दुपारी उपलब्ध होतील का, हे प्रश्न लेखा विभागाच्या बाहेरचे.

प्रस्तावाच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वॉर्ड खरोखर तुडुंब भरलेला असता, तर तुलना खाटेच्या दिवसावर करावी लागली असती. न्यूमोनियाचा रुग्ण आठ दिवसांत १७,००० हातात ठेवतो, म्हणजे दिवसाला २,१२५. पित्ताशयाचा दोन दिवसांत ९,०००, म्हणजे दिवसाला ४,५००. तेव्हा पैशाच्या हिशोबाने खाटा शस्त्रक्रियेकडे वळवणं योग्य ठरलं असतं. जुन्या कागदाने तेच उत्तर दिलं असतं, पण त्यामागचं कारण चुकीचं असतं. आणि सरासरीवर फार विसंबूही नये. साथीच्या दिवसांत मेडिसिनचा वॉर्ड भरतो आणि तेव्हा अठ्ठावीस खाटा रिकाम्या नसतात. तेवढे आठवडे आधीच ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची तयारी हवी. तसाच एखाद्या सेवेचं आर्थिक गणित जमत नाही म्हणून आजारी माणसाला दाराबाहेर ठेवायचं का, हा निर्णय कोणत्याही शीटवर सोडू नये.

नर्सिंगचा उरलेला प्रश्न

वॉर्डाचा सरासरी दर अजूनही एक गोष्ट झाकतो. चालताफिरता रुग्ण आणि कूस बदलायलाही दोघांची मदत लागणारा रुग्ण, दोघांना दिवशी १,१००. मेट्रनने (परिचारिकांची प्रमुख) त्यावर बोट ठेवलं आणि ते रास्त होतं.

वॉर्डाच्या २ कोटी ४७ लाख ५० हजारांपैकी १ कोटी ३५ लाख परिचारिकांचे पगार आहेत. रोज सकाळच्या पाळीला प्रत्येक रुग्णाची श्रेणी चार्टवर लिहायची: स्वतःचं स्वतः करणाऱ्याला भार एक, मदत लागणाऱ्याला दोन, पूर्ण अवलंबून असणाऱ्याला चार. इथल्या २२,५०० दिवसांत पहिले १३,५००, दुसरे ६,७५० आणि तिसरे २,२५० निघाले. भारित दिवस ३६,०००. एका भाराला ३७५. उरलेला वॉर्ड खर्च सगळ्यांना दिवशी ५०० सारखाच.

न्यूमोनियाचा रुग्ण दोन दिवस चार भारावर, तीन दिवस दोनवर आणि तीन दिवस एकावर होता. भार झाले सतरा, नर्सिंग ६,३७५, बाकी ४,०००. वॉर्डखर्च ८,८०० ऐवजी १०,३७५. पित्ताशयाच्या रुग्णाचा २,२०० ऐवजी २,१२५. यंदाच्या वापरावरच्या दरांत न्यूमोनियाचा फायदा ५,७०० वरून ४,१२५ वर उतरतो. निष्कर्ष बदलत नाही, पण हा फरक खरा आहे आणि तो नोंदवला जावा. भारांची संख्या आणि प्रमाण मेट्रनने ठरवावं, लेखापालाने नाही. आणि रोजच्या नोंदीला परिचारिकेचा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये, नाहीतर श्रेण्या पाळी संपताना एकगठ्ठा भरल्या जातील आणि सगळे रुग्ण "मदत लागणारे" होतील.

वर्षअखेर

ठरवलेला दर आणि झालेला खर्च यांत अंतर पडणारच. समजा वर्षात थिएटर ३,४५० तास चाललं आणि खर्च १ कोटी ७१ लाख झाला. तासाला ३,००० प्रमाणे रुग्णांवर चढले १ कोटी ३ लाख ५० हजार; ६७ लाख ५० हजार चढायचे राहिले. त्यातले ६१ लाख ५० हजार रिकाम्या २,०५० तासांचे आणि ६ लाख अंदाजापेक्षा जादा खर्चाचे. पहिल्या रकमेचं उत्तर शस्त्रक्रियांची यादी लावणाऱ्याने द्यायचं, दुसरीचं थिएटरच्या व्यवस्थापकाने. दोन्ही एकत्र करून "ओव्हरहेड कमी वसूल झाला" असं एका ओळीत लिहिलं, तर कुणालाच काही कळत नाही.

पाठ्यपुस्तकी रीत अशी की हा फरक मोठा असेल तर पूर्ण झालेल्या आणि अपूर्ण कामांवर पुन्हा वाटावा. रुग्णालयात वर्षअखेरच्या रात्री खाटेवर असलेल्यांची शीट एकूण दाखल्यांच्या मानाने नगण्य असतात, म्हणून सगळा फरक त्याच वर्षाच्या नफातोट्यात घ्यावा. घरी गेलेल्या रुग्णांची शीट पुन्हा उघडू नयेत.

व्यवस्थापनाने वीस खाटांचा प्रस्ताव बाजूला ठेवला. थिएटरच्या दुपारच्या यादीसाठी बाहेरच्या सर्जनांशी बोलणी सुरू करायची, पित्ताशयाचं पॅकेज तूर्त तेच ठेवायचं आणि दिवसात घरी जाणाऱ्या रुग्णांच्या शीटवर थिएटरचे तास लगेच चढवायला घ्यायचे, एवढं ठरलं. विभागवार दर नव्या अंदाजपत्रकापासून लागू होतील. तोवर ओटीच्या रजिस्टरात आत घेतल्याची आणि बाहेर काढल्याची वेळ नियमित भरली जाते का, हे रोज संध्याकाळी तपासण्याचं काम थिएटरच्या मुख्य परिचारिकेकडे दिलं आहे.